वायर पुरते तिथपर्यंत

सारजा गेली ते मला एका अनोळखी बाईच्या तोंडून कळलं. मी उसाला पाणी देत होतो. फोनवर सारजाचं नाव दिसलं म्हणून मी नेहमीसारखं "बोल" म्हणालो. पलीकडून एक पुण्याची बाई रडत होती.

"काका, या मावशी बोटीत खाली बसल्यात, उठतच नाहीयेत. बोट गोल गोल फिरतेय. आम्हाला बंद करता येत नाहीये."

आमचं रान डाळजला, उजनी धरणाच्या फुगवट्याला लागून आहे. हिवाळ्यात तिथं फ्लेमिंगो उतरतात. ते बघायला शहरातली माणसं येतात आणि सारजा त्यांना तिच्या बोटीतून न्यायची. तिचा धाकटा भाऊ म्हस्कू मासेमारी करतो. त्याची इंजिनाची होडी जवळच बांधलेली असते. मी त्याला हाका मारत काठाकडं पळालो. तो होडी घेऊन गेला आणि मी काठावर उभा राहिलो. लांब पाण्यात तिची पांढरी बोट एकाच जागी फिरताना दिसत होती. तिची मोटर बिनआवाजाची. त्यामुळं तिकडून काहीच ऐकू येत नव्हतं.

म्हस्कूनं नंतर सांगितलं, मोटरच्या दांड्यावरचा तिचा हात सोडवावा लागला. भिगवणच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, हार्ट अटॅक, जागेवरच गेल्यात.

बोट सगळी तिची होती. मी ऊस आणि दोन म्हशी बघायचो, बोटीतलं मला काही कळत नव्हतं. आधी ती म्हस्कूच्या होडीतून माणसं न्यायची. इंजिनाच्या आवाजानं पाखरं उडायची आणि फोटो काढणारी माणसं नाराज व्हायची. म्हणून तिनं बॅटरीवरची मोटर आणली. पहिल्यांदा तिला आमच्या ट्रॅक्टरची बॅटरी जोडली. ती एका हंगामात बसली. बारामतीत बॅटरीचं दुकान असलेला माऊली तिला म्हणाला, "अक्का, ट्रॅक्टरची बॅटरी येकदा जोर लावून गप बसायची असती. दिवसभर चालायचं तिचं काम न्हाय." मग त्यानं इन्व्हर्टरला असतात तसल्या दोन मोठ्या बॅटऱ्या दिल्या, एकीमागं एक जोडायच्या, आणि त्यांना साजेसा चोवीस व्होल्टचा चार्जर. त्याच्यावर तीन दिवे. लाल म्हणजे भरतेय, पिवळा म्हणजे होत आलं, हिरवा म्हणजे भरली.

चार्जर बोटीतच असायचा. आमच्या पाण्याच्या मोटरच्या पेटीतून तिथपर्यंत वायर टाकलेली होती. संध्याकाळी आली की आधी वायर लावायची, मग पाय धुवायची. बॅटरी निम्म्याच्या खाली ती कधी जाऊ द्यायची नाही. गिऱ्हाईक म्हणालं, अजून एक चक्कर मारा, तर म्हणायची, "म्हशीचं सगळं दूध काढलं तर रेडकू काय पिणार? निम्मं बोटीला ठेवायचं असतं."

मला एकदा म्हणाली, "एवढ्या मानसांस्नी म्होरं बसवून फिरवलं. मला कोण फिरवतंय? एकदा तुमी दांडा धरा, मी म्होरं बसते, गिऱ्हाईकावानी."

"आन बुडालीस म्हंजी?"

"तुमी दांडा धरल्यावर बुडायचीच. जाकीट घालून बसते."

मी म्हणालो, ऊस कारखान्याला गेला की शिकतो. उसाला तोड यायच्या आधीच ती गेली.

तिसऱ्या दिवशी राख सावडली. अस्थींचं गाडगं फडक्यात बांधून बांधावरच्या बाभळीला टांगलं. गाडगं घरात आणत नाहीत. गावातली म्हातारी माणसं म्हणाली, काठावर सोडू नका. धरणाचं पाणी म्हणजे बुडालेली रानं, अस्थी नदीतच पडल्या पाहिजेत. भीमेचं जुनं पात्र फुगवट्याच्या मधोमध आहे, तिथंवर बोटीनंच जावं लागतं. ठरलं की दहाव्याला जायचं.

घरात तिला जिथं ठेवलं होतं तिथं दिवा लावलेला होता. म्हस्कू म्हणाला, "दाजी, जीव बोटीत गेला आक्काचा. तितंबी दिवा पायजे." त्यानं बोटीत पणती लावली. वाऱ्यानं ती राहीना. मग त्यानं एक बल्ब आणला आणि तिच्याच बॅटरीला जोडून बोटीच्या टपाखाली टांगला. मला ते बरं वाटलं. अंधार पडला की ओट्यावरून तो दिसायचा. सुतकात बोटीला कुणी हात लावला नाही. चार्जरची वायर तिनं सकाळी काढून ठेवली होती तशीच गुंडाळलेली होती. काही दिवसांनी बल्ब मंद झाला आणि विझला. म्हस्कूनं बल्ब खराब म्हणून दुसरा लावला. तोही लागेना, तेव्हा तो भिगवणला जाऊन तिसरा घेऊन आला.

दहाव्याला काठावर पिंड ठेवला. कावळे समोरच्या लिंबावर बसले होते, पण खाली येईनात. आमची मुलगी स्वरूपा बारामतीत दिलेली आहे. ती म्हणाली, "आई, आण्णांची काळजी करू नकोस, मी आहे." कावळा आला नाही. म्हस्कू म्हणाला, "आक्का, तुजी बोट इकनार न्हाय." तरी आला नाही. ऊन चढायला लागलं, माणसं माझ्याकडं बघायला लागली. मी हात जोडले आणि म्हणालो, "सारजा, तुझ्याच बोटीत, तुला म्होरं बसवून, मी दांडा धरून नेतो."

कावळा उतरला आणि शिवला.

तिथूनच आम्ही बोटीकडं गेलो. स्वरूपा गाडगं मांडीवर घेऊन पुढच्या फळीवर बसली. मी मागं बसलो. म्हस्कूनं मला दांडा कसा फिरवायचा ते दाखवलं. मी फिरवला. काही झालं नाही. म्हस्कूनं फिरवून बघितला. मोटर जरासुद्धा गुरगुरली नाही. चार्जर लावला तर लाल दिवा दोनदा लुकलुकला आणि विझला. परत लावला, परत तसंच. पाव्हणे काठावर उभे होते. गाडगं परत बाभळीला टांगलं.

तेरावा झाल्यावर मी आणि म्हस्कू दोन्ही बॅटऱ्या पिकअपमध्ये घालून बारामतीला गेलो. माऊलीनं मीटर लावलं आणि हसला.

"म्हस्कू, मयत घिऊन आलास का रं दुकानात? हिचा तर दहावाबी झाला आसंल."

म्हस्कू म्हणाला, "आक्का गेली."

माऊलीनं मीटर खाली ठेवलं. मग आत जाऊन पाण्याचा तांब्या घेऊन आला आणि माझ्या हातात दिला.

"चुकलो, तात्या. मला ठावं नव्हतं."

"आसू दे. हिचं काय ते सांग."

त्यानं सांगितलं. बॅटरी पार तळाला गेली की हा नवा चार्जर तिला ओळखतच नाही. त्याला वाटतं, बॅटरी जोडलेलीच नाही, म्हणून दिवा विझतो. जुन्या पद्धतीचा साधा चार्जर असतो, तो काही न बघता करंट ढकलतो. त्याच्यावर काही दिवस ठेवून बघू. किंवा चांगली बॅटरी शेजारी जोडून चार्जरला फसवायचं. पण रिकामी बॅटरी जितके दिवस पडून राहते तितकी आतून कडक होत जाते. त्याला आता किती दिवस झालेत ते आपल्याला माहीतच आहे.

"पर एक सांगा, अक्काची बॅटरी एवढी खाली गेली कशी? ती तर निम्म्यावर हिकडं फोन करायची. काय चालू ऱ्हायलं हुतं?"

म्हस्कू खाली बघत होता.

मी म्हणालो, "म्हाईत न्हाय."

परतताना भिगवण आलं. म्हस्कूनं गाडी कडेला घेतली.

"दाजी, बल्ब."

"व्हय."

"मी दिवा म्हनून लावला वो."

"मला ठावं हाय. चल."

चार दिवसांनी माऊलीचा फोन आला. एक बॅटरी उठली होती. दुसरीचा एक कप्पा मेला होता. किती भरली तरी ती साडेदहा व्होल्टवरच राहत होती, नुसती तापत होती आणि पाणी उकळत होतं. मी गेलो तेव्हा दुकानात कुजक्या अंड्यासारखा वास भरला होता. मी विचारलं, मग एकच नवी घेऊ का.

"म्हातारा बैल आन नवं खोंड एका जुवाला जुपता का तुमी? दोनी मरत्यात. घ्याची तर जोडी घ्या." मग तो म्हणाला, "लिथियम घेता का? हलकी हाय, पार तळापातूर वापरली तरी रुसत न्हाय. फक्त अक्काचा चार्जर तिला चालायचा न्हाय. तिचा चार्जर येगळा."

"मग नको."

"तात्या, चार्जर काय जिवाचा..."

"नको म्हनलं न्हवं."

त्यानं आतून पहिल्यासारखीच जोडी दिली. पिकअपमध्ये चढवताना म्हणाला, पहिल्यांदा पूर्ण भरल्याशिवाय वापरू नका, हिरवा दिवा लागू द्या. मोटर चालेल तशी, पण मधेच थांबली तर पाण्यात बसाल. मी ते मनात धरून ठेवलं. एकदा सगळ्या पाव्हण्यांसमोर ती मोटर फिरली नव्हती. परत तसं व्हायला नको होतं.

आम्ही बॅटऱ्या बोटीत बसवल्या. लाल दिवा लागला आणि लागलेलाच राहिला. शेतीची लाइन आमच्याकडं आठ तास असते, तीही मधे मधे जाते. लाइन गेली की चार्जर विसरतो आणि परत पहिल्यापासून सुरू करतो. शेजारच्या पाण्याच्या मोटरी सुरू झाल्या की दिवा बारीक व्हायचा. मी बोटीच्या कडेला बसून असायचो. समोर फ्लेमिंगो असायचे. रोज थोडे कमी दिसायचे. त्यांची जायची वेळ झाली होती.

माऊलीला फोन केला. तो म्हणाला, बॅटरीच्या तोंडावरचा पांढरा भुरा साफ करा. मी म्हणालो, बॅटरी नवीच आहे. मग म्हणाला, वायरीवरनं हात फिरवा, कुठं तापते का बघा. मी पेटीपासून बोटीपर्यंत हात फिरवत गेलो. वायर बारीक, आणि तिला बरेच सांधे. सारजानं दर उन्हाळ्याला पाणी मागं सरकेल तसे तुकडे जोडत नेले होते. प्रत्येक सांधा गरम लागत होता. एकावरची चिकटपट्टी वितळली होती.

"तितंच खातंय समदं," माऊली म्हणाला. "सांधं काडून टाका. येकसंध वायर पायजे."

मी सांधे काढून टाकले. चांगला तुकडा तेवढा ठेवला. तो बोटीपर्यंत पुरेना. नवी वायर आणायला भिगवणला जायला हवं होतं. बोट पाण्यात हलती होती, मी आणि म्हस्कूनं दोर लावून ती वायरीपाशी ओढून आणली. निम्मी काठाच्या मातीवर, निम्मी पाण्यात. तेवढं पुरे झालं. सांधे गेल्यावर पिवळा दिवा लागला. दोन दिवसांनी सकाळी जाऊन बघतो तर हिरवा.

मी लगेच स्वरूपाला फोन केला.

ती म्हणाली, "उद्या अमावस्या आहे, आण्णा. सासूबाई नको म्हणतील. रविवारी येतो आम्ही सगळे."

माऊलीला विचारलं, तर म्हणाला, वायर काढू नका, चार्जर तसाच राहू द्या. भरलेली बॅटरी तो भरलेलीच ठेवतो, उतू जाऊ देत नाही. मी तसाच ठेवला. सकाळ-संध्याकाळ जाऊन दिवा बघायचो, हिरवा आहे का एवढंच. तेवढ्यात आमच्या उसाला तोड आली, मी कोयत्यांच्या मागं होतो. धरणातून खाली पाणी सोडलं होतं. फुगवट्याच्या दोन्ही काठांनी सगळ्यांच्या मोटरी चालू होत्या. माझी पाण्याची मोटर म्हस्कूनंच खाली सरकवून दिली. बोट कुणी सरकवली नाही. सारजा उन्हाळ्यात रोज सकाळी चार्जर काढायची आणि बोट पाण्याबरोबर हातभर खाली ढकलायची. मी ते वर्षानुवर्षं बघत आलो होतो. पण माझं ध्यान हिरव्या दिव्यावर होतं.

रविवारी स्वरूपा, तिचा नवरा ऋषिराज आणि घरची माणसं आली. स्वरूपानं आईचं जाकीट धुऊन आणलं होतं. ती म्हणाली, गाडग्याला घालू, आई जाकिटाशिवाय कुणाला बसू द्यायची नाही. सगळे हसलो. बाभळीचं गाडगं काढलं आणि खाली उतरलो.

बोट गाळावर बसलेली होती. पाणी तिच्यापासून लांब गेलं होतं, एखादं शेत मावेल एवढं. मधे काळा चकचकीत गाळ. हिरवा दिवा लागलेला होता.

ऋषिराज म्हणाला, "ढकलू ना, एवढी माणसं आहोत."

म्हस्कू चप्पल काढून पुढं झाला. चार पावलांवर तो गुडघ्यापर्यंत गेला, पुढच्या पावलाला मांडीपर्यंत. त्याला ओढून काढायला दोर टाकावा लागला. आम्ही फळ्या टाकल्या, त्या गाळात गेल्या. बॅटऱ्या उतरवून बोट हलकी केली. सगळ्यांनी जोर लावला, बोट इंचभरसुद्धा हलली नाही. खालून गाळानं धरून ठेवली होती. शेजारच्याला ट्रॅक्टर मागितला. तो येऊन बघून गेला. म्हणाला, "तात्या, मागल्या साली हितंच एकाचा ट्रॅक्टर रुतला, पाणी आल्यावर नुसता धुराडा दिसत हुता. माफ करा."

दुपार झाली. लहान पोरं भुकेजली. म्हस्कू अंगभर गाळ घेऊन माझ्यापुढं बसला.

"दाजी, माज्या होडीतनं चला. ती तिकडं खोल पान्यात हाय. गाडगं म्होरं ठेवू. दांडा तुमीच धरा."

"तिला तिच्या बोटीतनं म्हनलंय."

"आक्का माज्या होडीत कधी बसली न्हाय व्हय? वरीसभर गिऱ्हाईक त्याच होडीतनं नेलं तिनं."

"म्होरं न्हाय बसली."

स्वरूपा म्हणाली, "आण्णा, महिना होऊन गेला. अस्थी अशा टांगून ठेवत नाहीत. आई काय बघायला बसलीय का, कुठल्या बोटीतनं नेलं ते?"

"मी शब्द दिला तवा कावळा शिवला."

"कावळ्याला भूक लागली असेल."

तिला लगेच वाईट वाटलं, तिनं माझा हात धरला. पण ती म्हणाली ते म्हणाली. खरंच त्याला भूकच लागली असेल. ऊन चढलं होतं आणि पिंडाचा भात सकाळपासून समोर होता. तसं असेल तर सारजानं काही ऐकलंच नाही, आणि मी तिला काही सांगितलेलंच नाही. तसं नसेल तर मी तिला सांगून फसवलं. दोन्हींतलं काय बरं ते मला ठरवता येत नाही.

मी गाडगं परत बाभळीला बांधलं. स्वरूपा जाताना माझ्या पाया पडली. म्हस्कू त्या दिवसापासून येतो, पण बसत नाही. म्हशींना वैरण टाकतो आणि जातो. गावात आता मला कुणी विचारत नाही. कट्ट्यावर मी गेलो की पाण्याचा विषय बंद होतो.

वैशाखात गाळ वरून वाळला आणि त्याला भेगा पडल्या. एकदा मी त्याच्यावरून चालत बोटीपर्यंत गेलो. वर कडक लागतो, पण काठी खुपसली की खाली लोणी. मागच्या फळीवर बसलो. दांडा हातात धरला. तो कुठं फिरवला की बोट कुठं वळते ते आठवायचा प्रयत्न केला. म्हस्कूनं दाखवलं होतं, पण नुसतं बघून येत नाही, त्याला पाणी लागतं. पुढची फळी रिकामी होती. मी तिच्याशी बोलेन असं मला वाटलं होतं, म्हणूनच गेलो होतो. पण पुढच्या फळीकडं बघून माणूस काय बोलणार? मी उतरलो आणि घरी आलो.

माऊलीचा मधे फोन आला होता. बॅटऱ्या रिकाम्या ठेवू नका म्हणाला, पाणी यायला अजून अवकाश आहे. पुण्याकडची धरणं भरून त्यांचं पाणी खाली सुटतं तेव्हा आमच्या काठाला लागतं. कधी श्रावणात येतं, कधी भाद्रपदात, एखाद्या साली येतच नाही. मी बॅटऱ्या घरी आणल्यात. पंधरवड्यातून त्या चार्जरला लावतो आणि हिरवा दिवा लागला की काढतो. कशासाठी, असं स्वरूपानं विचारलं. मी म्हणालो, लावाव्या लागतात.

बोट गाळात आहे. मोटर चालवायला मी शिकलेलो नाही. सारजाच्या अस्थी नदीत सोडायच्या राहिल्या आहेत.